रुपया-दोन रुपयांच्या गोळ्यांची चव नीट कशी तपासायची?

प्रश्न थोडक्यात असा: किराणा दुकानात आणि पानाच्या टपरीवर बरणीतून सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांची परीक्षणे लिहायची आहेत, पण चार गोळ्या चघळल्या की सगळ्या सारख्याच लागू लागतात आणि ‘छान, आंबटगोड’ यापुढे लेखणी सरकत नाही. शिवाय घरातली मोठी माणसे म्हणतात की रावळगावच्या गोळ्यांची चव पूर्वीसारखी राहिली नाही. ते खरे की जीभ बदलली, हे कसे ठरवायचे?

जिभेत काही खोट नाही. स्वस्त गोळीच्या परीक्षणात गफलत होते ती दुसरीकडे. गोळीची म्हणून जी चव लिहिली जाते, ती पुष्कळदा बरणीची, हवेची किंवा आधी चघळलेल्या गोळीची असते. एवढे वेगळे काढता आले की परीक्षण निम्मे झाले. म्हणून सुरुवात तोंडापासून न करता खरेदीपासून करावी.

एकाच दुकानातून एकच गोळी आणून मत देऊ नये. दोन वेगळ्या दुकानांतून प्रत्येकी दहा-दहा गोळ्या घ्याव्यात, आणि एक नमुना शक्यतो होलसेलमधून, म्हणजे पुण्यात रविवार पेठ किंवा मुंबईत मस्जिद बंदरसारख्या बाजारातून, न फोडलेल्या पाकिटाचा घ्यावा. न फोडलेले पाकीट ही तुमची मोजपट्टी. बरणीतल्या गोळ्या तिच्याशी ताडून बघायच्या. सुट्या गोळ्या घेताना बरणीच्या तळाच्या घेऊ नयेत, तिथे चुरा आणि आधीच्या मालातल्या मागे राहिलेल्या गोळ्या असतात. बरणीच्या शेजारी काय ठेवले आहे तेही बघावे. अगरबत्ती, कपड्याचा साबण किंवा पेपरमिंटची बरणी शेजारी असेल, तर तो वास साध्या पिळाच्या कागदातून आत जातो. मेंथॉल तर इतके उडणारे आहे की संत्र्याच्या गोळीला पुदिन्याची झाक येते आणि परीक्षक ‘ताजेतवाने करणारा नवा स्वाद’ असे लिहून मोकळा होतो.

बरणीवरचे लेबल वाचणे इथे फार महत्त्वाचे. एका गोळीच्या इवल्या कागदावर घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि पोषणमूल्ये छापण्याची सक्ती नसते. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या वेष्टनाला ती सूट आहे, मात्र ती माहिती बरणीवर किंवा मोठ्या पाकिटावर द्यावीच लागते. वजनमापाच्या नियमांतही १० ग्रॅमपर्यंतच्या पुड्यांना सवलत आहे. म्हणून दुकानदाराला बरणी फिरवून दाखवायला सांगावे आणि मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. दुकानदाराने दुसऱ्याच ब्रँडच्या रिकाम्या बरणीत माल ओतलेला असेल, तर त्या लेबलाचा उपयोग शून्य, आणि मग त्या नमुन्यावर वय-ताजेपणाबद्दल एक अक्षरही लिहू नये.

आता कडक गोळीकडे वळू. लिमलेट, संत्रा, मँगो, कच्ची कैरी हा सगळा एकाच कुळातला माल. साखर आणि लिक्विड ग्लुकोजचा पाक साधारण १४५ ते १५० अंश सेल्सियसपर्यंत आटवतात (निर्वात भांडे असेल तर कमी तापमानातही भागते). शेवटी त्यात दोन-तीन टक्केच पाणी उरते. हा पाक लवकर थंड झाला की साखरेचे स्फटिक न होता तिची काच होते, आणि चांगली कडक गोळी म्हणजे ही काच. लिक्विड ग्लुकोज घालतात ते मुख्यतः पाकाने रवा धरू नये म्हणून. त्याने गोडी थोडी कमी होते आणि चिवटपणा वाढतो.

काचेचा शत्रू ओलावा. हवेतली आर्द्रता साधारण तीसेक टक्क्यांच्या वर गेली की उघडी गोळी पाणी ओढायला लागते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता सहज ऐंशीच्या पुढे असते. आधी गोळी सादळते, कागद चिकटतो, पृष्ठभाग लिबलिबीत होतो. पुढे त्या ओल्या थरात साखर पुन्हा स्फटिक होऊन बसते आणि गोळीवर पांढुरकी, खरखरीत साय येते. आतली गोळी धड असते, पण जिभेला पहिला स्पर्श पिठूळ लागतो.

सादळलेली गोळी बघितली की लगेच कंपनीला नावे ठेवायची नाहीत. एका दुकानातली चिकट आणि दुसऱ्यातली कोरडी असेल, तर दोष बरणीच्या झाकणाचा. न फोडलेल्या पाकिटातली, तीही मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चिकट निघाली, तर दोष कारखान्याचा. बहुधा सायट्रिक आम्ल पाक फार गरम असताना पडलेले असते, त्यामुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेले असते, आणि फ्रुक्टोजइतकी पाणी ओढणारी साखर दुसरी नाही. म्हणूनच आम्ल, रंग आणि स्वाद पाक उतरवून थोडा निवल्यावर घालतात.

वयाची खूणही ओळखता येते. संत्र्याच्या आणि लिंबाच्या तेलातले लिमोनीन हवेने बिघडले की वास रंगाच्या दुकानासारखा, टर्पेंटाइनकडे झुकणारा येतो. लिंबाच्या गोळीत हा बदल सर्वांत लवकर जाणवतो. कैरी आणि मँगोच्या गोळ्या म्हाताऱ्या झाल्या तरी तो रंगाचा वास येत नाही. त्यांचा स्वाद नुसता उडून जातो आणि गोड पाणी उरते.

आणलेला माल घरी स्टीलच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये. थंड गोळी बाहेर काढली की तिच्यावर दव धरते आणि नमुना तिथेच बाद होतो.

चव घ्यायला बसताना एका बैठकीत सहा नमुने पुरे. जास्त घेतले तर शेवटच्या नमुन्यांवर अन्याय होतो, कारण आंबट आणि गोड दोन्हींना जीभ सरावते. चहा, पान, तंबाखू यांनंतर तासभर थांबावे. दात घासल्यावरही तेवढेच थांबावे, कारण टूथपेस्टमधला फेस करणारा घटक गोडी दाबतो आणि आंबटाला कडवट करतो. दोन नमुन्यांमध्ये कोमट पाण्याने चूळ, ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्या किंवा कोरड्या पोळीचा तुकडा, आणि चार-पाच मिनिटे विश्रांती. गार पाणी नको, त्याने जिभेवरचा चरबीचा थर निघत नाही. क्रम सौम्याकडून तीव्राकडे ठेवावा: आधी दूध-वेलचीच्या टॉफ्या, मग फळांच्या गोळ्या, मग मीठ-मसाल्याच्या, आणि पेपरमिंट अगदी शेवटी. मेंथॉल थंडीची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंनाच चाळवते, त्यामुळे त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे कुठल्याही निकालाला अर्थ नसतो.

कागद दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगावा आणि गोळ्या ४१७, ८६२ असे तीन आकडी क्रमांक दिलेल्या वाट्यांत ठेवाव्यात. १, २, ३ किंवा अ, ब, क नको. पहिला क्रमांक दिसला की मन आपोआप त्याच्याकडे झुकते. रंगाचाही असाच ताबा असतो. खात्री करायची असेल तर पॉपिन्सची एक नळी घ्या, डोळे मिटून एकेक गोळी तोंडात टाका आणि कोणते फळ ते सांगा. पिवळा-नारिंगी दिसत असताना जे क्षणात सांगता येते, तिथे डोळे मिटल्यावर भलेभले अडखळतात. म्हणून स्वादाचे गुण डोळे मिटून द्यावेत आणि रंगाचे नंतर, वेगळे.

प्रत्यक्ष चघळताना घड्याळ समोर हवे. ‘चव कशी आहे’ या प्रश्नाचे उत्तर दहाव्या सेकंदाला एक असते आणि तिसऱ्या मिनिटाला दुसरे. तोंडात टाकायच्या आधी वास घ्या. पहिले दहा-पंधरा सेकंद नाक चिमटीत धरा. जे लागते ते फक्त गोड, आंबट, खारट. मग नाक सोडा. एकदम जो आंबा किंवा संत्रे उमटते, तो सगळा वासाचा भाग, घशामागून नाकात चढलेला. नाक सोडल्यावर फारसे काहीच घडले नाही, तर त्या गोळीत स्वाद कमी आणि आम्ल जास्त आहे. अगदी स्वस्त कैरीच्या गोळ्यांची ही नेहमीची खोड: सायट्रिक आम्लाचा झणका देऊन फळाचा भास करायचा.

पहिल्या मिनिटाला आंबट-गोडाचा तोल बघा. आम्ल एकटे सायट्रिक असेल (लेबलवर घटक क्रमांक ३३०), तर आंबटपणा झटकन चढतो आणि झटकन ओसरतो. सोबत मॅलिक (२९६) असेल तर तो रेंगाळतो, आणि कैरीला, सफरचंदाला तोच शोभतो. टार्टारिक (३३४) जास्त टोकदार, चिंच-द्राक्षाच्या जातीचे. तिसऱ्या मिनिटाला दोन गोष्टी तपासा. स्वाद टिकला की आता नुसती साखर उरली? आणि गोळीला धार आली का? पाकात हवेचे बुडबुडे अडकलेले असतील तर गोळी विरघळताना ती भोके उघडी पडतात, त्यांच्या कडा काचेसारख्या होतात आणि टाळू सोलवटतो. गोळी उजेडात धरली तर बुडबुडे आधीच दिसतात. मात्र मुद्दाम पाक ओढून दुधाळ, रेशमी केलेल्या गोळ्यांत हवा सूक्ष्म असते, तिथे धार येत नाही.

गोळी संपल्यावर दोन मिनिटे काहीही न पिता थांबा. घशाशी खवखव, जिभेच्या मुळाशी कडवटपणा किंवा वॅनिलाची चिकट झाक उरते का ते लिहा. बिनसाखरेच्या गोळ्यांमध्ये गोडी उशिरा चढून उशिरापर्यंत रेंगाळते, ते इथेच पकडता येते.

मसाला भरलेल्या गोळ्यांना वेगळी हत्यारे लागतात. २०१५ मध्ये धर्मपाल सत्यपाल समूहाची पल्स एक रुपयाला आली आणि कैरीच्या गोळीच्या पोटात तिखटमीठ हे समीकरण पक्के झाले. तेव्हापासून या प्रकाराची रांग लागली आहे. अशा पाच गोळ्या अडकित्त्याने मधोमध फोडा. मसाला मध्यभागी आहे की एका कडेला सरकला आहे? कडेला असेल तर एका बाजूचे कवच पातळ राहते आणि मसाला दुसऱ्याच मिनिटाला बाहेर येतो, दुसरी बाजू चघळून कंटाळा येईपर्यंत टिकते. मसाला सुटा आणि भुरभुरीत हवा. मीठ पाणी धरते, त्यामुळे कवचाला बारीक तडा असला तरी आत गठ्ठा होतो. काही गोळ्यांत आम्लासोबत खाण्याचा सोडा असतो, तोंडात फसफसावे म्हणून. तिथे ओल शिरली असेल तर सोडा-आम्लाचे भांडण बरणीतच मिटलेले असते आणि तोंडात फक्त खारट चिखल येतो. काळे मीठ असेल तर त्याचा गंधकी वास फोडल्यावर लगेच यावा. फोडलेली गोळी चवीला वापरू नये, ती तपासणीपुरतीच. गुण देताना मुख्य प्रश्न एकच: मसाला येतो तेव्हा कैरी अजून शिल्लक असते का? दोन्ही एकत्र भेटले तर गोळी जमली. पाच-सहा नमुन्यांत ही भेट सारख्याच वेळी घडत असेल, तर कारखान्याचा हात बसलेला आहे असे खुशाल लिहावे.

टॉफ्यांचे शास्त्र निराळे. किसमी, मेलोडी, इक्लेअरच्या जातीच्या सगळ्या गोळ्यांत साखर-ग्लुकोजबरोबर दुधाची भुकटी किंवा आटवलेले दूध आणि वनस्पती चरबी असते. पाक कडक गोळीपेक्षा बराच आधी, साधारण १२० अंशांच्या आसपास थांबवतात, म्हणून पाणी जास्त उरते आणि ती चावता येते. तिचा खमंग तपकिरीपणा दुधातली प्रथिने आणि साखर एकत्र तापल्याने येतो. तो खरा असेल तर वासात भाजल्याची किंचित कडू कड असते. नुसता रंग आणि वॅनिला मारलेला असेल तर ती कड नसते.

टॉफी घरातल्या तापमानाला, पंचवीस अंशांच्या आसपास, निदान दोन तास ठेवून मगच चावावी. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची टॉफी आणि डिसेंबरात नाशिकची टॉफी यांची तुलना करणे व्यर्थ आहे. चार-पाच वेळा चावून थांबा आणि जीभ टाळूवर फिरवा. मेणचट थर राहिला तर चरबीचा वितळबिंदू शरीराच्या तापमानाच्या वर आहे. खवट वास आला तर चरबी जुनी झाली. दाताला चिकटणे हा दोष धरायचा की नाही हे आधी ठरवा. टॉफी थोडी चिकटणारच, पण अर्ध्या मिनिटात सुटली पाहिजे. मध्ये चॉकलेट असेल तर लेबल बघा. या किमतीत बहुधा कोकोची भुकटी आणि वनस्पती चरबी असते, कोको बटर नव्हे. म्हणून महागड्या चॉकलेटच्या मापाने तिला नापास करणे हा अन्याय आहे. ‘आपल्याकडे प्रत्येक गोळीला चॉकलेटच म्हणतात’ ही सबबही इथे चालू नये.

दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे साध्या पेपरमिंट किंवा पाचक वड्या, फार वेळ घेत नाहीत. कडा झडतात का, जिभेवर भुकटी सारखी विरघळते का, शेवटी खडूसारखा कण उरतो का, एवढे बघितले की झाले. जेलीमध्ये मात्र एक गोष्ट न चुकता पाहावी: घट्टपणा पेक्टिन किंवा स्टार्चचा आहे की जिलेटिनचा. जिलेटिन प्राण्यांपासून येते, तेव्हा हिरव्या ठिपक्याची खात्री करूनच वाचकांना सांगावे. पेक्टिनची जेली चावल्यावर स्वच्छ तुटते, जिलेटिनची ताणली जाते.

किमतीबद्दल लिहिताना ‘एक रुपयात मस्त’ म्हणणे पुरेसे नाही. सोनाराच्या काट्यासारखा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता स्वस्त मिळतो. दहा गोळ्या कागद काढून एकत्र तोला आणि दहाने भागा. चार ग्रॅमची गोळी रुपयाला म्हणजे २५० रुपये किलो. तीच ३.२ ग्रॅमची झाली तर ३१२ रुपये किलो. छापील किंमत रुपयावर अडकलेली असते, कारण ग्राहक सव्वा रुपया देत नाही. त्यामुळे भाववाढ वजनातूनच वसूल होते. टिकाऊपणाही मोजता येतो: गोळी तोला, न चावता दोन मिनिटे चघळा, टिपकागदाने कोरडी करा, पुन्हा तोला. ४ ची २.८ झाली तर मिनिटाला ०.६ ग्रॅम. आतून पोकळ किंवा जास्त हवा धरलेल्या गोळ्यांचे बिंग इथे फुटते.

लेबलवरच्या रंगांचा उल्लेख परीक्षणात जरूर करावा. भारतात मोजकेच कृत्रिम रंग चालतात: टार्ट्राझीन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोयझीन (१२२), पाँसो फोर आर (१२४), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि असे आणखी काही. यांतल्या पहिल्या चारांवर युरोपीय संघात २०१० पासून ‘मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना छापावी लागते. घाबरवण्याची गरज नाही, पण पालकांना माहिती द्यावी. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक बरणीवर नसेल, तर तो नमुना चाखूच नये.

राहिला चव बदलल्याचा प्रश्न. रावळगावचा इतिहास इथे उपयोगी पडतो. वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यात १९३३ मध्ये साखर कारखाना उभा केला, पुढे त्याच्याच गोळ्या झाल्या, आणि पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे घरोघरी पोचली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही व्यापारचिन्हे पाककृतींसह २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीकडे गेली. यावरून ‘मालक बदलला म्हणजे चव बदलली’ असा निष्कर्ष काढता येत नाही, तसा ‘पाककृती तीच म्हणजे चव तीच’ असाही नाही. साखर, ग्लुकोज, स्वादाचा पुरवठादार, गोळीचे वजन, यांतले काहीही हलले तरी फरक पडतो. टॉफ्यांच्या बाबतीत तर एक कारण सगळ्याच कंपन्यांना लागू आहे: तेल-चरबीतल्या ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीची) मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. जिथे जुने वनस्पती तूप वापरात होते, तिथे ते बदलावे लागले आणि तोंडात वितळण्याची तऱ्हाही बदलली. दुसऱ्या बाजूला, अतिगोड आणि अतिआंबटाची लहानपणीची ओढ वयाबरोबर कमी होते. म्हणून आठवणीतल्या गोळीशी तुलना करून कुठलाच निकाल लागत नाही.

जुनी आणि नवी बॅच एकाच वेळी हाताशी असेल तरच खरी परीक्षा होते. तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. प्रत्येकाला तीन वाट्या द्यायच्या, दोनमध्ये एकच गोळी, एकात दुसरी, आणि विचारायचे, वेगळी कोणती? मांडणीचे सहा क्रम होतात: दोन जुन्या-एक नवी याचे तीन, दोन नव्या-एक जुनी याचे तीन. बारा जण असतील तर प्रत्येक क्रम दोघांना द्या. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर सांगतोच, म्हणजे बारांत चार. निदान आठ जणांनी बरोबर ओळखले तर फरक खरा मानावा. सहाच जण असतील तर पाच बरोबर हवेत. ‘आवडली का’ हा प्रश्न या चाचणीत विचारायचा नाही, तो दुसऱ्या दिवशी, वेगळ्या लोकांना. जुनी बॅच नसेल तर ‘फरक जाणवतो’ एवढेही लिहू नये, आजच्या गोळीचे आजचे वर्णन द्यावे. आणि जुनी बॅच म्हणून मुदत संपलेली गोळी तर मुळीच वापरू नये, कारण तिथे फरक पाककृतीचा नसून वयाचा असतो. परदेशातल्या भारतीय दुकानातून आणलेला नमुनाही याच कारणाने तुलनेला कच्चा. कंटेनरमधली उष्णता आणि आठवड्यांचा प्रवास त्याने सोसलेला असतो.

शेवटी दातांचे. तोंडातला सामू (पीएच; तो जितका खाली, तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दातांवरचे कवच झिजू लागते, आणि आंबट गोळी पाच मिनिटे चघळणे म्हणजे तेवढा वेळ तो खाली ठेवणे. बैठक संपली की साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा, लगेच घासल्यास मऊ पडलेले कवच अधिक झिजते. सहा गोळ्या पूर्ण खाल्ल्या तर चोवीसेक ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणून शेजारी थुंकायला पेला ठेवावा आणि तिसऱ्या मिनिटाची नोंद झाली की उरलेली गोळी त्यात टाकावी. शेवटच्या टप्प्याची नोंद त्यातल्या दोन-तीन गोळ्यांवर घेतली तरी पुरते. मधुमेह असलेल्यांनी या बैठकीत नोंदी लिहिण्याचे काम घ्यावे. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी चाखायला देऊच नये, घशात अडकते.